क्रियापदापुढे दोन नामं आली की: इंग्रजी वाक्य ओळखायचं कसं, बांधायचं कसं

'शी मेड हिम टी' आणि 'शी मेड हिम कॅप्टन'. शब्द चार-चार, क्रियापद तेच, त्यापुढे 'हिम' आणि मग एक नाम. मराठीत आणलं की फरक लख्ख दिसतो: पहिल्यात तिने त्याला चहा करून दिला, दुसऱ्यात तिने त्याला कॅप्टन केलं. इंग्रजीत नुसत्या मांडणीवरून हे कळत नाही, आणि प्रयोग बदलायला सांगितला की गडबड उडते. दुसऱ्या वाक्याचं 'ही वॉज मेड कॅप्टन' सरळ होतं. पहिल्याचं त्याच चालीवर 'ही वॉज मेड टी' केलं तर त्या बिचाऱ्याचाच चहा होतो. तिथे 'टी वॉज मेड फॉर हिम' हवं.

अशी वाक्यं शाळेत 'डायरेक्ट ऑब्जेक्ट' आणि 'इनडायरेक्ट ऑब्जेक्ट' या दोन नावांत उरकली जातात. तेवढ्यावर भागत नाही. मुलांना व्याख्या पाठ असते, तरी वाक्य चुकतं, कारण कुठल्या क्रियापदाला कुठली मांडणी चालते हे क्रियापदागणिक ठरलेलं असतं आणि अर्थावरून ते नेहमी ओळखता येत नाही. 'टेल' आणि 'एक्सप्लेन' दोन्ही सांगण्याचीच क्रियापदं, पण 'टेल मी द रूल' बरोबर आणि 'एक्सप्लेन मी द रूल' चूक. (पुढच्या इंग्रजी वाक्यांत जिथे 'मी' येईल तिथे तो इंग्रजी 'मी', म्हणजे 'मला' समजावा.)

आधी गट ठरवा

दोन नामं लागोपाठ दिसली की त्यांच्या मध्ये मनात 'इज' घालून बघा. 'हिम' आणि 'कॅप्टन': तो कॅप्टन आहे, किंवा झाला. जुळतं. म्हणजे दुसरं नाम पहिल्याचंच वर्णन करतंय, ते पूरक आहे. 'हिम' आणि 'टी': तो चहा आहे? नाही. मग 'हॅज' घालून बघा: त्याच्याकडे चहा आला. जुळतं. म्हणजे एक घेणारा आणि एक दिलेली वस्तू, दोन वेगवेगळी कर्मं.

'द स्वीडिश अकॅडमी अवॉर्डेड टागोर द नोबेल प्राइझ इन १९१३' यात टागोर म्हणजे पारितोषिक नव्हे, पारितोषिक टागोरांकडे आलं. दोन कर्मं. 'द गव्हर्नमेंट रीनेम्ड बॉम्बे मुंबई इन १९९५' यात बॉम्बे तेच मुंबई. पूरक. 'पीपल कॉल्ड टिळक लोकमान्य' हेही पूरकच.

दोन नामं जवळ दिसली तरी काही वाक्यं या विषयात येतच नाहीत, ती आधीच बाजूला काढायची. 'वी मेट हर लास्ट मंडे' यात 'लास्ट मंडे' हे कर्म नाही, पूरकही नाही; ते 'केव्हा' या प्रश्नाचं उत्तर आहे आणि उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवता येतं. 'आय मेट माय फ्रेंड सुरेश' यात 'माय फ्रेंड' आणि 'सुरेश' मिळून एकच नामगट आहे. इथे 'इज'ची चाचणी फसवते, कारण मित्र तोच सुरेश. म्हणून आणखी एक गोष्ट तपासायची: मधलं नाम काढून 'हिम' ठेवलं तर वाक्य टिकतं का? 'आय मेट हिम सुरेश' टिकत नाही, 'दे कॉल्ड हिम लोकमान्य' टिकतं.

काही वाक्यं खरोखरच दोन्ही गटांत बसतात. 'आय फाउंड हिम अ गुड डॉक्टर' म्हणजे मी त्याच्यासाठी चांगला डॉक्टर शोधून दिला, किंवा तो चांगला डॉक्टर आहे असं मला आढळलं. 'कॉल मी अ टॅक्सी' म्हटल्यावर समोरच्याने 'बरं, तू टॅक्सी' असं उत्तर देणं हा इंग्रजीतला जुना विनोद याच दुहेरीपणावर उभा आहे. लिहिताना असा संशय नको असेल तर 'आय फाउंड अ गुड डॉक्टर फॉर हिम' किंवा 'आय फाउंड हिम टू बी अ गुड डॉक्टर' असं मोकळं करून लिहायचं.

देण्या-घेण्याचा गट: मार्ग दोनच

मराठीत 'रमेशला' म्हटलं की काम झालं. 'मी रमेशला पुस्तक दिलं', 'पुस्तक मी रमेशला दिलं', 'रमेशला मी पुस्तक दिलं', सगळं चालतं, कारण कोणाला दिलं ते 'ला' सांगतो. जुन्या इंग्रजीतही असे विभक्तिप्रत्यय होते, पण मधल्या काही शतकांत ते झिजून गेले. तेव्हापासून 'ला'चं काम जागा करते. क्रियापदाला चिकटून जो बसला तो घेणारा, त्याच्यानंतरची ती वस्तू: 'आय गेव्ह रमेश द बुक'. वस्तू आधी घ्यायची असेल तर घेणाऱ्याच्या मागे 'टू' किंवा 'फॉर' लावावाच लागतो: 'आय गेव्ह द बुक टू रमेश'.

मराठी माणसाची ठरलेली चूक म्हणजे या दोन मार्गांची भेळ. 'आय गेव्ह टू हिम अ पेन' यात जागा पहिल्या मार्गाची आणि 'टू' दुसऱ्याचा. 'ला' डोक्यात असतो, त्याच्या जागी 'टू' आपोआप उतरतो. 'ही टोल्ड टू मी', 'आय आस्क्ड टू सर' ही याच कुळातली वाक्यं. 'टेल' आणि 'आस्क' यांच्यापुढे माणूस लगेच येत असेल तर 'टू' कधीच नको. 'गिव्ह'सारख्या क्रियापदांत मात्र वस्तू फार लांबलचक असेल तेव्हा 'टू'वाला गट आधी आलेला चालतो: 'ही गेव्ह टू द लायब्ररी ऑल द बुक्स ही हॅड कलेक्टेड सिन्स कॉलेज'.

'टू' की 'फॉर'? वस्तू हातातून हातात जाते किंवा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो तिथे 'टू': गिव्ह, सेंड, लेंड, हँड, पास, पे, सेल, शो, टीच, टेल, ऑफर, ओ (देणं लागणं), प्रॉमिस, रीड, थ्रो. दुसऱ्यासाठी आधी काही करावं, आणावं, मिळवावं लागतं तिथे 'फॉर': बाय, मेक, कुक, गेट, फाइंड, ऑर्डर, बुक, बिल्ड, सेव्ह, चूज. 'गिव्ह' करायला समोर घेणारा हवाच. 'कुक' मात्र एकट्यानेही करता येतं, घेणारा नंतर ठरतो. हा निकष बहुतेक ठिकाणी पुरतो.

'ब्रिंग'ला दोन्ही चालतात. आणि 'राइट'कडे नीट बघा: 'शी रोट मी अ लेटर' म्हणजे तिने मला पत्र लिहिलं, दुसऱ्या मार्गाने 'शी रोट अ लेटर टू मी'. 'शी रोट अ लेटर फॉर मी' म्हणजे माझ्या वतीने कुणा तिसऱ्यालाच लिहिलं. 'आय सोल्ड द स्कूटर टू हिम' मध्ये स्कूटर त्याने विकत घेतली. 'फॉर हिम' केलं तर स्कूटर त्याची होती आणि मी ती विकून दिली. मराठीत 'त्याला विकली' आणि 'त्याला विकून दिली' असा भेद आपण सहज करतो, तोच इथे या एका शब्दावर आहे.

दोन्ही मार्ग खुले असले तरी कुठे कुठला घ्यायचा हे मनाला येईल तसं नसतं.

वस्तू 'इट' किंवा 'देम' असेल तर दुसरा मार्ग: 'गिव्ह इट टू हिम'. 'गिव्ह हिम इट' काही ब्रिटिश लोकांच्या तोंडी ऐकू येतं, पण लिहिताना टाळलेलं बरं. घेणाऱ्याचं वर्णन लांब असेल तरी दुसराच मार्ग: 'आय गेव्ह द की टू द बॉय हू लिव्ह्ज अपस्टेअर्स'. पहिल्या मार्गाने हे लिहिलं तर 'द की' शेवटी एकटी लटकते आणि वाचणाऱ्याला मागे जावं लागतं. तसंच ज्याची माहिती नवी ते शेवटी. 'रमेशला काय दिलंस?' याचं उत्तर 'आय गेव्ह हिम अ पेन', आणि 'पेन कोणाला दिलंस?' याचं 'आय गेव्ह इट टू रमेश'.

घेणारा म्हणजे ज्याच्या मालकीत काही येऊ शकतं असा कुणीतरी हवा. 'आय सेंट द पार्सल टू नाशिक' ठीक, पण 'आय सेंट नाशिक द पार्सल' म्हटलं की ऐकणारा 'नाशिक' म्हणजे तिथलं ऑफिस असं धरतो. गाव नुसतं पोहोचण्याचं ठिकाण असेल तर 'टू'च लागतो.

घेणाऱ्याबद्दल प्रश्न विचारताना शेवटचा 'टू' गळता कामा नये. 'हू डिड यू गिव्ह द बुक?' अर्धवट आहे, 'हू डिड यू गिव्ह द बुक टू?' हवं. 'ज्याला मी पैसे दिले तो माणूस' याचं 'द मॅन आय गेव्ह द मनी टू'. वाक्य शब्दयोगी शब्दावर संपलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

वस्तू गाळून नुसता माणूस ठेवायचा असेल तर क्रियापद बघून. 'आय टोल्ड हिम', 'शी टॉट अस', 'दे पेड हर' पूर्ण आहेत. 'आय गेव्ह हिम' लोंबकळत राहतं. मराठीत 'दिलं त्याला' चालून जातं म्हणून हे हमखास लिहिलं जातं. 'फॉर'च्या गटात तर अर्थाचा अनर्थ होतो: 'शी कुक्ड मी डिनर' मधलं 'डिनर' गाळलं की तिने मलाच शिजवलं.

ज्यांना दुसरा मार्गच नाही

'द रिपेअर कॉस्ट मी फोर हंड्रेड रुपीज' याचं 'कॉस्ट फोर हंड्रेड रुपीज टू मी' होत नाही. 'विश' तसंच: 'विश यू अ हॅपी बर्थडे' नीट, 'विश अ हॅपी बर्थडे टू यू' कानाला खटकतं. दंड आणि आकार घेणारी 'फाइन' आणि 'चार्ज', पैज लावायचं 'बेट', शिवाय 'फर्गिव्ह' आणि 'एन्व्ही' यांच्याही दोन नामांना 'टू' लागत नाही: 'द कोर्ट फाइन्ड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'आय एन्व्ही यू युअर पेशन्स'.

'गिव्ह'चे काही ठरीव वापरही याच रांगेतले. 'गिव्ह द डोअर अ पुश', 'गिव्ह हर अ कॉल', 'गिव्ह इट अ ट्राय'. यात खरं काही दिलं जात नाही. दार ढकलायचं, फोन करायचा, करून बघायचं. म्हणून 'गिव्ह अ पुश टू द डोअर' असं उलटवू नये. याच्या बरोबर उलट 'पे अटेन्शन': तिथे 'टू' हवाच, 'पे अटेन्शन टू मी'.

जी क्रियापदं दोन नामं जवळ येऊच देत नाहीत

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या इंग्रजीत एमए झालेल्यांच्या मेलमध्येही दिसतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, से, मेन्शन, अनाउन्स, इंट्रोड्यूस, डोनेट, रिपोर्ट, डेमॉन्स्ट्रेट: यांच्यापुढे वस्तू किंवा मजकूर आधी, माणूस नंतर आणि 'टू' लावूनच. 'एक्सप्लेन द सम टू मी'. 'सजेस्ट अ गुड हॉटेल टू अस'. 'शी सेड समथिंग टू मी'.

असं का, याचं बऱ्यापैकी चालणारं स्पष्टीकरण आहे. गिव्ह, टेल, सेंड, शो ही इंग्रजीची मूळची, बहुतेक एका अवयवाची (एका झटक्यात उच्चारायची) क्रियापदं. एक्सप्लेन, डोनेट, डिस्क्राइब लॅटिन किंवा फ्रेंचमार्गे आलेली. अनेक अवयवांची, परक्या वळणाची क्रियापदं दोन नामांची मूळ मांडणी सहसा स्वीकारत नाहीत. म्हणून 'गिव्ह द स्कूल अ कॉम्प्युटर' चालतं आणि अर्थ जवळजवळ तोच असून 'डोनेट द स्कूल अ कॉम्प्युटर' चालत नाही. हा कल आहे, कायदा नव्हे. 'ऑफर', 'प्रॉमिस', 'असाइन', 'गॅरंटी' परक्या मुळाची असूनही दोन नामं घेतात. आणि नव्याने तयार झालेली क्रियापदं बिनदिक्कत घेतात: 'ईमेल मी द बिल', 'टेक्स्ट हर द ॲड्रेस', 'व्हॉट्सॲप मी द लोकेशन'. 'रेकमेंड'च्या बाबतीत बोलण्यात सैलपणा आढळतो, पण परीक्षेत आणि अर्जात 'रेकमेंड अ डॉक्टर टू मी' लिहावं.

ऑफिसमध्ये रोज लिहिली जाणारी काही वाक्यं एकदा दुरुस्त करून टाकू. 'शेअर मी द फाइल' नाही, 'शेअर द फाइल विथ मी'. 'शेअर'ला 'टू'ही नको, 'विथ' हवा. 'कन्फर्म मी द डेट' मधला 'मी' काढून टाकावा, 'प्लीज कन्फर्म द डेट' पुरतं. 'अपडेट मी द स्टेटस' ऐवजी 'अपडेट मी ऑन द स्टेटस'. 'रिप्लाय मी' मध्ये 'टू' गाळलाय: 'रिप्लाय टू मी'. 'फॉरवर्ड मी द मेल' मात्र बरोबर आहे, उगाच सुधारू नका.

एक बारकावा. मजकूर वाक्याएवढा असेल तर तो शेवटी जातो आणि 'टू'वाला माणूस क्रियापदाला येऊन भिडतो: 'एक्सप्लेन टू मी हाऊ द मीटर वर्क्स', 'ही सेड टू मी दॅट द शॉप वॉज क्लोज्ड'. माणूस जवळ आला म्हणून 'टू' गाळायचा मोह इथे फार होतो. तो गाळला की 'एक्सप्लेन मी हाऊ', आणि आलो परत चुकीवर. 'टेल'ला याच जागी 'टू' नको: 'टेल मी हाऊ द मीटर वर्क्स'.

माणूस आधी, वस्तूमागे वेगळाच शब्द

काही क्रियापदं माणसाला जवळ बसवतात, पण वस्तूमागे 'विथ', 'ऑफ', 'ऑन' असं काही मागतात. 'प्रोव्हाइड द व्हिलेजर्स विथ वॉटर', 'सप्लाय', 'इक्विप' आणि 'एन्ट्रस्ट' याच चालीचे. 'इन्फॉर्म हिम ऑफ द डेट', 'रिमाइंड हर ऑफ द मीटिंग', 'रॉब समवन ऑफ मनी', 'अक्यूज हिम ऑफ थेफ्ट'. 'काँग्रॅच्युलेट हर ऑन द प्रमोशन' आणि 'थँक हिम फॉर द हेल्प'. 'प्रेझेंट'ला दोन वाटा: 'प्रेझेंटेड हर विथ अ शाल' किंवा 'प्रेझेंटेड अ शाल टू हर'.

सत्कार समारंभाच्या बातम्यांत तीन क्रियापदं एकमेकांत मिसळतात, ती वेगळी ठेवायला हवीत. 'अवॉर्ड' दोन नामं सरळ घेतं, म्हणून 'खांडेकर वॉज अवॉर्डेड द ज्ञानपीठ फॉर १९७४', मध्ये 'विथ' नाही. 'ऑनर'ला 'विथ' लागतो: 'वॉज ऑनर्ड विथ'. 'कन्फर'मध्ये पुरस्कार कर्म आणि माणसामागे 'ऑन': 'द भारतरत्न वॉज कन्फर्ड ऑन धोंडो केशव कर्वे इन १९५८'. 'कर्वे वॉज कन्फर्ड विथ' हे इंग्रजी वर्तमानपत्रांत कितीही वेळा छापून आलं तरी नीट नाही.

पूरकाचा गट, आणि 'ॲज' नावाची डोकेदुखी

मराठीत आपण 'त्याला अण्णा म्हणून ओळखतात', 'तिची सचिव म्हणून नेमणूक झाली' असं म्हणतो. त्या 'म्हणून'मागोमाग इंग्रजीत 'ॲज' घुसतो आणि 'धिस इज कॉल्ड ॲज फोटोसिंथेसिस' तयार होतं. विज्ञानाच्या वह्या या वाक्याने भरलेल्या असतात. 'कॉल'ला 'ॲज' कधीही नको. बारशाच्या अर्थी 'नेम'लाही नको, आणि 'टर्म', 'डब', 'लेबल' यांनाही त्याशिवायच लिहावं.

'रिगार्ड', 'ट्रीट', 'डिस्क्राइब', 'रेकग्नाइझ', 'ॲक्सेप्ट' यांना मात्र 'ॲज' हवाच: 'वी रिगार्ड हर ॲज अ सिस्टर'. त्याच अर्थाचं 'कन्सिडर' त्याशिवाय: 'वी कन्सिडर हर अ सिस्टर'. 'कन्सिडर ॲज' बोलण्यात ऐकू येतं, पण स्पर्धा परीक्षांतल्या 'चूक शोधा' प्रश्नांचं ते लाडकं गिऱ्हाईक आहे, तेव्हा सवय लावूच नये. 'अपॉइंट' दोन्हीकडे चालतं: 'अपॉइंटेड हर सेक्रेटरी' किंवा 'ॲज सेक्रेटरी'.

पदाचं नाम असेल तर 'अ'कडे लक्ष द्या. ज्या पदावर एकच व्यक्ती असते तिथे आर्टिकल गाळतात: 'दे इलेक्टेड प्रतिभा पाटील प्रेसिडेंट इन २००७', 'द टीम मेड हिम कॅप्टन'. अनेकांपैकी एक असेल तर 'अ' लागतो: 'दे मेड हिम अ मेंबर'. अनेकांना केलं तर पूरकही अनेकवचनी: 'दे मेड देम मेंबर्स'.

आणि 'मेक'चा एक तिरपा वापर. 'शी मेड हिम अ गुड वाइफ' म्हणजे तिने त्याचं काही केलं नाही. ती त्याची चांगली बायको ठरली. इथे दुसरं नाम कर्त्याचं वर्णन करतं. जुन्या कादंबऱ्यांत हे भेटतं. ओळखता आलं म्हणजे झालं, स्वतः वापरायची गरज पडत नाही.

प्रयोग बदलताना

पूरकाच्या गटात कर्म एकच, म्हणून कर्मणी वाक्यही एकच. कर्म पुढे आणा, पूरक क्रियापदानंतर जागच्या जागी ठेवा: 'शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट'. पूरक उचलून 'प्रेसिडेंट वॉज इलेक्टेड हर' केलंत तर गुण गेले.

देण्याच्या गटात दोन वाक्यं होतात. 'द प्रिन्सिपल गेव्ह हर थ्री प्राइझेस' याचं 'शी वॉज गिव्हन थ्री प्राइझेस' आणि 'थ्री प्राइझेस वेअर गिव्हन टू हर'. पहिलं मराठी कानाला विचित्र वाटतं, कारण मराठीत 'तिला' कर्मणीतही 'तिला'च राहतं आणि क्रियापद बक्षिसांप्रमाणे चालतं: 'तिला तीन बक्षिसं दिली गेली'. त्यामुळे 'शी वेअर गिव्हन थ्री प्राइझेस' असं लिहिलं जातं. इंग्रजीत जो पुढे आला तो खरोखर कर्ता बनतो: 'हर' चं 'शी' होतं, आणि 'वॉज' की 'वेअर' हे त्याच्यावरूनच ठरतं. पुढे आलेल्याशी क्रियापद जुळवा, मागे राहिलेल्याकडे बघू नका. इंग्रजीत माणूस पुढे घेतलेलं वाक्य जास्त रुळलेलं आहे.

'फॉर'च्या गटात वस्तू पुढे घेतलेली सुरक्षित: 'अ सायकल वॉज बॉट फॉर हर'. 'एक्सप्लेन'च्या गटात माणूस पुढे येऊच शकत नाही: 'वी वेअर एक्सप्लेन्ड द रूल' चूक, 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू अस' बरोबर. 'कॉस्ट'चा प्रयोग बदलत नाही, तो प्रश्न आला तर प्रश्नच चुकलाय.

कोशात बघायचं ते कुठे

क्रियापदांच्या अशा मांडण्यांना क्रमांक देऊन त्या कोशात नोंदवायची पद्धत कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली टोकियोत निघालेल्या शिकाऊंच्या कोशात वापरली. आजच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत क्रमांकांऐवजी 'समबडी' आणि 'समथिंग' यांची लघुरूपं दिसतात. 'गिव्ह'खाली 'समबडी समथिंग' लागोपाठ छापलेलं असेल, म्हणजे दोन नामं चालतात. 'एक्सप्लेन'खाली 'समथिंग टू समबडी' एवढंच सापडेल. अर्थ वाचून कोश मिटू नका, ही ओळ बघा, आणि वहीत नुसतं 'एक्सप्लेन: समजावणे' न लिहिता 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असं अख्खं उतरवा. द्विभाषी खिशातल्या कोशात ही ओळ बहुधा नसते.

आता ही सहा वाक्यं तपासा, सगळी चुकलेली आहेत: 'ही सेड मी अ लाय', 'द बँक रिफ्यूज्ड टू हिम अ लोन', 'दे नेम्ड द बेबी ॲज अन्वी', 'हू डिड यू लेंड द सायकल?', 'आय वॉज सजेस्टेड अ बुक', 'शी इंट्रोड्यूस्ड मी हर ब्रदर'.

पहिल्यात क्रियापदच बदला, 'टोल्ड मी अ लाय'. दुसऱ्यात 'टू' काढा. तिसऱ्यात 'ॲज' काढा. चौथ्याच्या शेवटी 'टू' जोडा. पाचव्यात पुस्तक पुढे आणा, 'अ बुक वॉज सजेस्टेड टू मी'. सहाव्याला दोन उत्तरं आहेत: 'इंट्रोड्यूस्ड मी टू हर ब्रदर' आणि 'इंट्रोड्यूस्ड हर ब्रदर टू मी'. ओळख दोन्हीकडून होते, पण पहिल्यात मला भावापुढे नेलं आणि दुसऱ्यात भावाला माझ्यापुढे आणलं. भाऊ वयाने किंवा मानाने मोठा असेल तर पहिलं वापरायचं, कारण रिवाजाप्रमाणे धाकट्याची ओळख थोरल्याला करून देतात.